चेंडू स्थिर, मन अस्थिर

२०२५ सालच्या एप्रिल महिन्यांतील गोष्ट आहे. हनुमानजयंती होऊन दोनच दिवस झाले होते. नित्याप्रमाणें आम्ही पहाटे उठलों, तों बैठकीच्या खोलींत उजेड दिसला. डोकावून पाहतों तों आमचे धाकटे पुतणे दूरचित्रवाणीसमोर मांडी घालून बसलेले! घरांतील कोणाची झोपमोड होऊं नये म्हणून आवाज अगदीं बंद केलेला, आणि दृष्टि मात्र पडद्याला खिळलेली. सी. ए.ची शेवटची परीक्षा महिन्यावर येऊन ठेपली असतां मुलगा रात्रभर जागून खेळ पाहत बसला आहे, हें पाहून आमच्या तोंडून दोन कठोर शब्द निघण्याच्या बेतांत होते. परंतु इतक्यांत आमच्या मातोश्री जपाची माळ घेऊन तेथें आल्या आणि नातवाशेजारीं बसल्या. त्यामुळें आमचे शब्द जागच्या जागींच राहिले.

"हा कसला रे खेळ?" मातोश्रींनीं विचारलें.

"गोल्फ, आजी. अमेरिकेंत ऑगस्टा म्हणून गांव आहे, तिथले सामने आहेत. आज शेवटचा दिवस."

मातोश्रींनीं कांहीं वेळ पाहिलें आणि त्या म्हणाल्या, "चेंडू तर जागचा हलत नाहीं. कोणी अंगावर धावून येत नाहीं, कोणी पाय ओढीत नाहीं. मग हा मनुष्य एवढा घाबराघुबरा कां?"

"चेंडू हलत नाहीं म्हणूनच, आजी," चिरंजीव म्हणाले.

हें उत्तर ऐकून आम्हीही खाली बसलों. वाचकहो, त्या पहाटे आम्ही जें पाहिलें व पुढें त्यावर जो विचार केला, तोच ह्या महिन्यांत आपणांपुढें ठेवीत आहों.

ज्यांचा ह्या खेळाशीं परिचय नसेल त्यांच्याकरितां चार शब्द सांगणें अवश्य आहे. गोट्यांच्या खेळांतील गल ज्यास ठाऊक आहे, त्यास गोल्फ समजण्यास अडचण पडूं नये. विस्तीर्ण कुरणावर अठरा ठिकाणीं जमिनींत लहान खळगे केलेले असतात. त्यांस होल म्हणतात. होलचा व्यास ४¼ इंच आणि चेंडूचा १.६८ इंच. कोठें दीडशें, तर कोठें पांचशें यार्डांवरून निघून काठीच्या कमींत कमी टोल्यांत तो चेंडू होलमध्यें घालावयाचा, आणि असें अठरा वेळां करावयाचें. उत्तम खेळाडूस ह्या सर्वांस मिळून सुमारें ७० ते ७२ टोले पुरतात. एक टोला मारण्यास फार तर दीड-दोन सेकंद लागतात. म्हणजे चार-साडेचार तासांच्या खेळांत प्रत्यक्ष मारण्याचा वेळ अडीच मिनिटांहून अधिक नाहीं! बाकीचा सगळा वेळ चालण्याचा, थांबण्याचा आणि विचार करण्याचा. क्रिकेटमध्यें चेंडू वेगानें अंगावर येतो, तेव्हां फलंदाजास घाबरण्याची सवडच नसते. गोल्फमध्यें घाबरण्यास चार तास मोकळे असतात. शिवाय दोष देण्यास दुसरा कोणी नाहीं. गोलंदाज नाहीं, जोडीदार नाहीं, पंचानें चुकीचा निकाल दिला अशी तक्रार करण्याचीही फारशी सोय नाहीं. स्वस्थ पडलेला चेंडू आणि आपण, एवढाच हा मामला.

आम्हांस हें केवळ वाचून कळलेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांनीं आग्रह करून आम्हांस गोल्फच्या मैदानावर नेलें होतें. आरंभीं चेंडू न ठेवतां काठी फिरविली, तेव्हां शिकविणाऱ्यानें चक्क 'वाहवा' म्हटलें. मग तीच काठी, तेच हात आणि तीच जागा. मध्यें फक्त एक पांढरा चेंडू ठेवला. काठी चेंडूच्या वरून निघून गेली. दुसऱ्या खेपेस माती उडाली. तिसऱ्या खेपेस चेंडू गेला खरा, परंतु आम्ही पाहत होतों त्या दिशेस नव्हे. मागें दोन सद्गृहस्थ आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे होते, आणि त्यांचें सौजन्य असें कीं ते आकाशाकडे पाहत होते. जें हवेंत साधलें तें चेंडूसमोर कां साधूं नये? कारण उघड आहे. हवेंतील टोल्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. चेंडू ठेवला कीं निकाल आला. आणि निकाल आला कीं मन हातांपासून सुटून त्या निकालाकडे धांव घेतें. पाठीमागें राहिलेले हात बिचारे पोरके होतात.

असो. मातोश्रींस घाबराघुबरा वाटलेला तो मनुष्य म्हणजे उत्तर आयर्लंडचा रोरी मॅकिलरॉय. त्याची हकीकत चिरंजीवांनीं हलक्या आवाजांत सांगितली. २०११ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, ह्याच ऑगस्टाच्या मैदानावर शेवटचा दिवस उजाडला तेव्हां तो इतर सर्वांच्या चार टोले पुढें होता. दहाव्या होलवर त्याचा पहिलाच टोला डावीकडे, झाडींतील कुटीरांजवळ जाऊन पडला. जेथें चार टोले अपेक्षित तेथें सात लागले, आणि मग सारेंच ढासळलें. त्या दिवशीं त्याला ८० टोले लागले. परंतु अवघ्या दोन महिन्यांनीं त्यानें अमेरिकन ओपन ही मोठी स्पर्धा आठ टोल्यांच्या अंतरानें जिंकली. २०१४ अखेर त्याच्या नांवावर चार मोठ्या स्पर्धा जमा झाल्या. त्यानंतर मात्र दहा वर्षें एकही नाहीं, आणि ऑगस्टा तर कधींच नाहीं. २०२४ च्या अमेरिकन ओपनमध्यें शेवटच्या तीन होलांत दोन वेळां चार फुटांहून कमी अंतरावरून त्याचा चेंडू होलमध्यें गेला नाहीं, आणि एका टोल्यानें तो हरला.

आतां २०२५. दोन टोल्यांची आघाडी घेऊन तो शेवटच्या दिवशीं मैदानांत उतरला, आणि पहिल्याच होलवर ती गमावून बसला. मग सांवरला, चार टोले पुढें गेला. तेराव्या होलवर, सोपा म्हणावा अशा टोल्यानें, त्यानें चेंडू ओढ्यांत घातला. पंधराव्यावर झाडांना वळसा घालून असा टोला मारला कीं चेंडू होलपासून कांहीं फुटांवर जाऊन थांबला. अठराव्यावर पांच फुटांवरून जिंकण्याची संधि आली, तीही हुकली. जस्टिन रोज ह्या इंग्लिश खेळाडूशीं बरोबरी झाली आणि निकालासाठीं तोच अठरावा होल पुन्हां खेळणें प्राप्त झालें. ह्या मधल्या वेळांत त्याची पिशवी वाहणारा कॅडी हॅरी डायमंड, जो त्याचा लहानपणापासूनचा मित्र आहे, त्याला एवढेंच म्हणाला कीं, आतां आपण जेथें उभे आहोंत ती जागा आठवड्याच्या आरंभीं कोणी देऊं केली असती, तर आपण ती आनंदानें घेतली असती. मॅकिलरॉयनें पुढचा टोला होलपासून चार फुटांच्या आंत आणला, चेंडू आंत घातला, आणि तो गुडघ्यांवर कोसळला. चारही मोठ्या स्पर्धा जिंकलेला तो सहावा पुरुष ठरला.

आपल्याकडे तेव्हां पहाटेचे पांच वाजण्याच्या सुमारास होते. मातोश्रींची माळ केव्हांच थांबली होती. चिरंजीवांचे डोळे पाणावले होते; आणि तें केवळ मॅकिलरॉयसाठीं नव्हतें, हें आम्हांस ठाऊक होतें.

मागल्या खेपेस परीक्षेच्या पहिल्याच प्रश्नपत्रिकेंत त्याचा एक ताळेबंद जुळेना. त्या एका बेरजेपायीं अर्धा तास गेला, आणि मग येत असलेलेंही येईनासें झालें. घरीं आल्यावर आम्हीं सर्वांनीं, म्हणजे आजी, काका, काकू, आत्या, आणि फोनवरून नागपूरच्या मामांनींसुद्धां, त्यास एकच उपदेश केला, "आत्मविश्वास ठेव." जसें कांहीं आत्मविश्वास म्हणजे खुंटीवर टांगलेली टोपी, आणि परीक्षेस जातांना तेवढी घालावयास तो विसरला होता! कोठून आणावा, कोठें ठेवावा, हें आमच्यापैकीं एकानेंही सांगितलें नाहीं. कारण तें आमच्यापैकीं कोणासच ठाऊक नव्हतें.

तर आतां प्रश्न असा कीं, त्या पहाटे मॅकिलरॉयच्या ठिकाणीं आत्मविश्वास होता असें म्हणावें कीं नव्हता असें म्हणावें? यशाची खात्री म्हणजे आत्मविश्वास असें मानलें, तर तो त्याच्यापाशीं खास नव्हता. एका दिवसांत चार वेळां ती खात्री त्याच्या हातून निसटलेली आम्हीं पाहिली. तरीही तो दर वेळीं पुढच्या चेंडूपाशीं गेला. तेव्हां आत्मविश्वास ही वस्तु खात्रीहून कांहीं निराळी असली पाहिजे.

तिचा पहिला अंश म्हणजे हाताची तयारी आणि त्या तयारीवर भार टाकण्याची हिंमत. ह्यांतील दुसरी गोष्ट पहिलीहून अवघड आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुरलेल्या गोल्फपटूंस त्यांनीं जवळच्या अंतरावरून चेंडू खेळावयास सांगितलें. एका खेपेस सूचना अशी कीं, आपल्या हातांच्या हालचालीवर लक्ष ठेवा. दुसऱ्या खेपेस अशी कीं, खेळतांना कानांवर कांहीं ध्वनि पडतील, त्यांतील अमुक ध्वनि आला कीं सांगा. लक्ष हातांवर असतांना खेळ सुधारेल असा कोणाचाही तर्क होईल. झालें तें उलट. लक्ष हातांवर असतां खेळ बिघडला, आणि लक्ष ध्वनींत गुंतलें असतां हात आपलें काम नीट करीत राहिले. नवशिक्यांची स्थिति मात्र पुढील प्रयोगांत निराळी दिसून आली; त्यांस हातांकडे लक्ष दिल्यानेंच लाभ होतो.

आपल्या घरांत हें नवें नाहीं. अथर्वशीर्षाची आवर्तनें चाललीं असतां जिव्हा आपोआप धांवत असते. मध्येंच 'पुढचा शब्द कोणता?' अशी शंका मनांत आली कीं ज्यास तीस वर्षें पाठ आहे तोही अडखळतो. शब्द गेलेला नसतो. पाठांतरावरचा भरंवसा तेवढा गेलेला असतो. परंतु ज्यानें संथाच घेतली नाहीं त्यानें हा भरंवसा कशावर ठेवावा? म्हणून आमचें म्हणणें असें कीं, शिकतांना संशय चांगला आणि म्हणतांना श्रद्धा चांगली. क्रम उलटला कीं दोन्हीं वायां जातात.

कोणी म्हणेल, असा भरंवसा उसना आणतां येणार नाहीं काय? २०१० सालीं जर्मनींतील संशोधकांनीं एक गमतीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. कांहीं जणांस चेंडू देतांना 'हा चेंडू शुभ आहे' असें सांगितलें, तर ते इतरांहून अधिक वेळां चेंडू होलमध्यें घालतात, असें त्यांस आढळलें. आपल्याकडे परीक्षेस जातांना हातावर दहीं-साखर ठेवणाऱ्यांस हें ऐकून आनंद वाटेल. परंतु २०१४ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं अधिक माणसें घेऊन तोच प्रयोग पुन्हां केला, तेव्हां शुभ चेंडूचा कांहीं गुण दिसला नाहीं. दहीं-साखर आमच्या घरांतून जाणार नाहीं. तींत मातेची माया आहे. पण मायेचें काम मायेनें करावें आणि सरावाचें सरावानें.

उसन्या विश्वासाचा थोरला भाऊ म्हणजे फाजील विश्वास. १९९९ सालीं स्कॉटलंडांत कार्नूस्टी येथें ओपन स्पर्धेच्या शेवटच्या होलवर झ्यां व्हॅन द व्हेल्ड हा फ्रेंच खेळाडू तीन टोल्यांच्या आघाडीनें उभा होता. होल चार टोल्यांचा. सहा लागले असते तरी विजय त्याचाच होता. लहान काठीनें, बेताबेतानें जाण्यास वाट मोकळी होती. त्यानें सर्वांत मोठी काठी उचलली. तो टोला कसाबसा निभावला. परंतु दुसरा प्रेक्षकांच्या मंचावर आदळून परत उंच गवतांत आला, आणि तिसरा ओढ्यांत गेला. बूट काढून, पाटलोण गुडघ्यांपर्यंत दुमडून तो पाण्यांत उतरला. पण तेथून खेळण्याचा बेत सोडून, दंडाचा एक टोला सोसून, त्याला बाहेर यावें लागलें. एकूण सात टोले लागले, आणि बरोबरीनंतरच्या खेळांत पॉल लॉरी जिंकला. तो लॉरी, जो सकाळीं दहा टोले मागें होता! लोकांनीं ह्या फ्रेंच मनुष्यास फार हसून घेतलें. आम्ही हसत नाहीं. कारण इतका नाश झाल्यावर तो सातवा टोला त्यानें कित्येक फुटांवरून बिनचूक घातला, हें लोक विसरतात. त्याच्या ठिकाणीं धैर्य होतें. साध्या खेळानें जिंकलें तरी आपली शोभा उणी होत नाहीं, एवढा विश्वास मात्र त्या घटकेस त्याच्यापाशीं नव्हता. बेताबेतानें चालण्याससुद्धां आत्मविश्वास लागतो, आणि पुष्कळदां धाडसाहून अधिक लागतो.

आतां दुसरा अंश. तो आम्हांस बॉबी जोन्सच्या चरित्रांत दिसतो. ज्या ऑगस्टाच्या मैदानावर मॅकिलरॉय गुडघ्यांवर कोसळला, त्या मैदानाच्या संस्थापकांपैकीं हा एक. चौदाव्या वर्षींच, १९१६ सालीं, तो राष्ट्रीय स्पर्धेंत उतरला. परंतु १९२२ संपलें तरी त्याला एकही राष्ट्रीय विजेतेपद मिळालें नव्हतें. अंगीं कला पुरेपूर, आणि राग त्याहून अधिक. १९२१ सालीं सेंट अँड्र्यूज ह्या गोल्फच्या माहेरघरीं पहिल्या नऊ होलांस ४६ टोले लागले, आणि अकराव्या होलवर त्यानें सामनाच सोडून दिला. तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता. ह्या कृत्याची लाज त्यास पुढें जन्मभर वाटत राहिली.

नंतर चार वर्षांनीं, १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्यें, उंच गवतांतील चेंडूपाशीं तो काठी टेकवीत असतां चेंडू किंचित् हलला. दुसऱ्या कोणीं तो पाहिला नव्हता. जोन्सनें स्वतः होऊन आपल्यावर एका टोल्याचा दंड लावून घेतला. शेवटीं बरोबरी झाली आणि निकालाच्या खेळांत तो एका टोल्यानें हरला. तो दंड नसता तर स्पर्धा त्याचीच होती. परंतु आमच्या मतें त्या दिवशीं त्यानें एक टोला देऊन फार मोठी वस्तु विकत घेतली. विश्वास हा शब्द आपण दुसऱ्याविषयीं वापरतों तेव्हां त्याचा अर्थ काय असतो? अमुक मनुष्य खोटें बोलणार नाहीं, वेळेस पाठ दाखविणार नाहीं, हाच ना? मग आत्मविश्वास म्हणजे दुसरें काय? जो स्वतःशीं खोटें बोलतो, चूक लपवितो, बिघडलें कीं डाव सोडून उठतो, त्याचा त्याच्यावरच विश्वास कसा बसावा? १९२१ चा जोन्स स्वतःच्या विश्वासास पात्र नव्हता. १९२५ चा झाला होता. १९२७ सालीं त्याच सेंट अँड्र्यूजवर त्यानें ओपन स्पर्धा जिंकली. १९३० सालीं त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षांत जिंकून, अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यानें स्पर्धांतून निवृत्ति घेतली. आणि जें गांव सामना सोडून तो गेला होता, त्याच गांवानें १९५८ सालीं त्यास आपलें सन्माननीय नागरिकत्व दिलें.

तिसरा अंश हिशेबाचा आहे. आमच्या घरांतील भावी हिशेबतपासनिसांस तोच सर्वांत पटला. आठ फुटांवरून चेंडू होलमध्यें घालणें हें पडद्यावर सोपें दिसतें. परंतु जगांतील उत्तमोत्तम व्यावसायिक खेळाडूंच्या टोल्यांची मोजदाद झालेली आहे, आणि तींत असें दिसतें कीं आठ फुटांवरून ते सुमारें निम्म्याच वेळां यशस्वी होतात. ज्यास हा आंकडा ठाऊक नाहीं तो प्रत्येक हुकलेल्या टोल्यास आपला अधःपात समजतो. ज्यास ठाऊक आहे तो म्हणतो, दोहोंपैकीं एक जाणारच होता, चला पुढें. अपेक्षा खरी असेल तर अपयश तिला मोडूं शकत नाहीं. म्हणून 'मी चुकणारच नाहीं' ही कांहीं आत्मविश्वासाची भाषा नव्हे. 'चुकलों तरी पुढच्या चेंडूपाशीं मी असेन' ही त्याची भाषा आहे.

येथें एक प्रश्न उरतो, आणि तो आमच्यासारख्या भरल्या घरांचा आहे. खेळणारा खेळेल, परीक्षा देणारा देईल. बाकीच्यांनीं काय करावें?

ह्याचें उत्तर आम्हांस बंगळूरच्या अदिति अशोक हिच्या खेळांत सांपडलें. टोकियोचे ऑलिंपिक सामने २०२१ सालीं झाले, तेव्हां जगाच्या क्रमवारींत ती दोनशेंच्या घरांत होती. लांब टोल्यांत तिचा क्रमांक खालून मोजावा असा. त्याच वर्षीं आजारानें तिची शक्ति कमी झालेली. तरी चार दिवस ती जगांतील थोर खेळाडूंच्या खांद्यास खांदा लावून राहिली, ती जवळच्या टोल्यांच्या बळावर. दुसऱ्यांचा चेंडू आपल्या पुष्कळ पुढें पडलेला पाहूनही आपला खेळ न बदलणें ही सामान्य गोष्ट नव्हे. शेवटच्या होलवरचा तिचा टोला थोडक्यांत हुकला. एका टोल्यानें पदक गेलें आणि ती चौथी आली. ह्या सबंध सामन्यांत तिची पिशवी वाहणारी कॅडी कोण होती? तिची आई!

कॅडीचा धर्म विचार करण्यासारखा आहे. तो टोला मारीत नाहीं. तो पिशवी वाहतो, अंतर सांगतो, वारा कोणीकडचा हें सांगतो, मागितलेली काठी पुसून हातीं देतो, आणि मग बाजूस होऊन गप्प राहतो. टोला हुकला तर 'मीं सांगितलें होतें' असें म्हणत नाहीं. 'घराण्याचें नांव राख' असें तर मुळींच म्हणत नाहीं. आमच्या घरांत टोले मारण्यास उत्सुक माणसें पुष्कळ आहेत. पिशवी धरणारें कोणी नव्हतें. 'तुला जमेलच' हें आमचें वाक्य प्रेमाचें होतें, परंतु त्या वाक्यानें मुलाच्या पाठीवर आमच्या अपेक्षेचें आणखी एक ओझें चढत होतें.

त्या पहाटे पडदा बंद झाल्यावर मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "समुद्राकांठीं सगळे वानर खाली माना घालून बसले, तेव्हां जांबवानानें काय केलें? मारुतीला नवी शक्ति दिली नाहीं. होती तीच आठवून दिली. आणि मग वाट सोडून उभा राहिला."

सकाळीं आम्ही पुतण्यास उपदेश केला नाहीं. त्यानें गेल्या वर्षभरांत सोडविलेल्या उदाहरणांच्या वह्या काढून टेबलावर रचल्या, आणि त्या अकरा भरल्या. "ह्या तुझ्याच ना?" एवढें विचारलें. त्यानें मान हलविली. दुसऱ्या दिवसापासून त्यानें एक नेम केला: घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावयाची, आणि ताळा न जुळल्यास खूण करून पुढें जावयाचें. मे महिन्यांत परीक्षेच्या दिवसांत आम्ही त्याच्याबरोबर केंद्रापर्यंत जात असूं. पिशवी व डबा आमच्या हातीं असे. दारापाशीं ती त्याच्या हवालीं करावयाची आणि झाडाखालीं बसावयाचें. "पेपर कसा गेला?" हा प्रश्न घरांत बंद होता, आत्याबाईंस तो फार जड गेला.

जुलैंत निकाल लागला. आम्ही देवघरांत होतों. चिरंजीव दारांत येऊन उभे राहिले.

"काका, पहिला गट सुटला. दुसरा राहिला, थोडक्यांत."

आम्ही कांहीं बोलण्याच्या आंत ते म्हणाले, "सप्टेंबरचा अर्ज आत्तांच भरला. दुसऱ्या गटाच्या वह्या कुठें ठेवल्यात तुम्ही?"

कॅडीच्या धर्मास अनुसरून आम्ही उठलों, वह्या आणून पुसून त्याच्या हातीं दिल्या, आणि बाजूस झालों.